फ्रेडरिक पोल : संपादकाच्या खुर्चीत लेखक टिकतो का?

खाडीकाठची (धागाकर्ती)

मंडळी, ठाण्यातल्या आमच्या वाचक गटाने यंदाचा दिवाळी अंक विज्ञानकथा विशेषांक करायचं ठरवलंय आणि संपादन माझ्याकडे आलंय. तेव्हापासून जो भेटेल तो एकच वाक्य ऐकवतो, "आता तुझं स्वतःचं लिखाण बंद." मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला एका माणसाची कारकीर्द पुढे ठेवते.

फ्रेडरिक पोल. अमेरिकन विज्ञानकथाकार, जन्म १९१९, मृत्यू २०१३. सतराव्या वर्षी शाळा सोडली. १९३७ साली 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये पहिल्यांदा छापून आला तो कवितेने. कविता चंद्रावरची, तीही टोपणनावाने. १९३९ मध्ये, विशीसुद्धा गाठली नव्हती, तेव्हा पल्प म्हणजे स्वस्त कागदावरची करमणुकीची मासिकं काढणाऱ्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत काम मागायला गेला आणि दोन मासिकांचा संपादक होऊन बाहेर आला: 'अस्टॉनिशिंग स्टोरीज' आणि 'सुपर सायन्स स्टोरीज'. पगार आठवड्याला १० डॉलर. लेखकांना द्यायला शब्दाला अर्धा सेंट.

पुढे महायुद्धात हवाई दलात हवामानखात्याचं काम, इटलीत. परत आल्यावर जाहिरातींचा मजकूर लिहिला. मग लेखकांचा एजंट झाला. विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हची पहिली कादंबरी 'पेबल इन द स्काय' (१९५०) प्रकाशकाकडे गेली ती पोलच्या हातून. एजन्सी कर्जात बुडाली. मग काही वर्षं निव्वळ लेखन. १९६१ पासून पुन्हा संपादक, 'गॅलेक्सी' आणि 'इफ' या दोन मासिकांचा. 'इफ'ला १९६६, ६७ आणि ६८ असा सलग तीन वर्षं उत्कृष्ट मासिकाचा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये मासिकं विकली गेली आणि तो बाहेर पडला. आणि पन्नाशी उलटल्यावर 'मॅन प्लस' (१९७६) आणि 'गेटवे' (१९७७) लिहिल्या. 'मॅन प्लस'ला नेब्युला हा विज्ञानकथांचा दुसरा मोठा पुरस्कार, 'गेटवे'ला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही.

माझं म्हणणं असं की या दोन कादंबऱ्या संपादक नसलेल्या माणसाला लिहिताच आल्या नसत्या. ढिगाने आलेलं दुसऱ्याचं लिखाण वाचून जे शिकायला मिळतं ते स्वतःच्या टेबलावर बसून मिळत नाही. तुमचा अनुभव काय? मराठीतली उदाहरणंही येऊ द्या.

गावदेवी_नाका

मस्त धागा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).
शब्दाला अर्धा सेंट ऐकून आमच्या ओळखीतले दोन कथाकार म्हणाले, चला, मिळत तरी होतं! :)

निळी_शाई

लेख आवडला, पण चित्र एकांगी आहे. 'अस्टॉनिशिंग'च्या काळात पोल स्वतःच्याच कथा टोपणनावाने स्वतःच विकत घेत होता. जेम्स मॅक्रे हे नाव त्यातलंच. उरलेली पानं मित्रांच्या कथांनी भरायची. बरं, हे विशीतलं म्हणून सोडून देऊ. साठच्या दशकातही 'गॅलेक्सी'त त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः आल्या, 'अ प्लेग ऑफ पायथन्स' आणि 'द एज ऑफ द पुसीफूट'. आपल्याकडे एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने स्वतःची दीर्घकथा पहिल्या पानापासून लावली तर आपण काय म्हणतो? तेच इथेही म्हणायला हवं.

संपादकाने त्या वर्षात स्वतःचं काही छापू नये. माझं मत ठाम आहे.

रद्दीतलं_सोनं

@निळी_शाई, मुद्दा रास्त आहे, पण हिशेब बघा. आठवड्याला १० डॉलरमध्ये न्यूयॉर्कमध्ये राहायचं, महिनोन् महिने दोन मासिकं भरायची आणि लेखकांना बाजारातला सगळ्यात कमी दर द्यायचा. नावाजलेला लेखक त्या दरात पहिली कथा कशाला देईल? त्याच्या हाताला लागायच्या त्या इतरांनी परत पाठवलेल्या. आणि याच परत आलेल्या कथांमध्ये काय सापडलं पाहा.

असिमॉव्हची यंत्रमानवाची पहिली कथा 'रॉबी' 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी नाकारली होती. पोलने ती 'सुपर सायन्स स्टोरीज'च्या सप्टेंबर १९४० च्या अंकात छापली. नाव मात्र बदलून 'स्ट्रेंज प्लेफेलो' केलं, ते असिमॉव्हना कधीच आवडलं नाही आणि पुस्तकात घेताना त्यांनी 'रॉबी' परत आणलं. विशीच्या पोराने ज्या कथेवर पैसे लावले त्या कथेपासून यंत्रमानवांची ती सगळी मालिका सुरू होते.

ज्यांना तुम्ही मित्र म्हणताय ती मंडळी कोण? न्यूयॉर्कमधला 'फ्युचरियन्स' नावाचा कंपू. असिमॉव्ह, सिरिल कॉर्नब्लूथ, डोनाल्ड वोलहाइम, डेमन नाइट, पुढे ज्युडिथ मेरिल. मित्रांच्या कथा घेतल्या हे खरं, पण मित्र असे होते.

आणि स्वतःचं छापण्याचंच म्हणाल तर खुद्द कॅम्पबेल यांनीही 'हू गोज देअर?' संपादक असतानाच स्वतःच्या मासिकात छापली, ऑगस्ट १९३८, डॉन स्टुअर्ट या नावाने.

अश्विनी_ऐरोली

कॅम्पबेलचं नाव निघालंच आहे तर खाडीकाठची ताई, तुमच्या मुद्द्याला तोच सगळ्यात मोठा छेद देतो ना? सत्ताविसाव्या वर्षी खुर्चीत बसले, दोनेक वर्षांत कथालेखन जवळजवळ थांबलं, १९७१ मध्ये गेले तोवर संपादकच. इतका चांगला कथाकार! 'हू गोज देअर?' मी कॉलेजात असताना एका रात्रीत वाचली होती, अंटार्क्टिकाच्या तळावरचा तो संशय, आपल्या शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे का, अजून अंगावर येतं. त्या माणसाने पुढे लिहिलंच नाही.

पोलच्या बाबतीतही तुम्हीच सांगताय, उत्तम कादंबऱ्या 'गॅलेक्सी' सोडल्यावर आल्या. मग खुर्चीने मदत केली की अडवून ठेवलं?

ट्रॉम्बे_वाशी

सर्वांना नमस्कार. मी नोकरीची सगळी वर्षं ट्रॉम्बेला काढली आणि आता वाशीला राहतो. पोल मी फारसा वाचलेला नाही, त्यामुळे मराठीबद्दल लिहितो.

डॉ. बाळ फोंडके यांचं उदाहरण या धाग्यात यायलाच हवं. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवभौतिकीचे संशोधक. तिथून ते 'सायन्स टुडे' या इंग्रजी मासिकाचे संपादक झाले, पुढे दिल्लीला सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन विभागाचे संचालक. एवढं सगळं करताना मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिले. १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी भारतीय भाषांमधल्या विज्ञानकथांचा 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा संग्रह संपादित केला. मराठी विज्ञानकथा इतर भाषांतल्या वाचकांपुढे त्यातून गेल्या.

आमच्या पिढीसाठी 'सायन्स टुडे' काय होतं हे तरुणांना सांगावंसं वाटतं. अंक आला की कँटीनमध्ये हातोहात फिरायचा. आम्ही दिवसभर ज्या विषयात काम करायचो तो विषय सामान्य माणसाला कसा सांगावा हे आम्हाला येत नव्हतं, ते तिथे वाचून कळायचं. संशोधक, संपादक आणि कथाकार अशी तिन्ही कामं एका माणसाने केली आणि एकाने दुसरं मारलं असं मला तरी दिसत नाही. अश्विनीताई, कॅम्पबेल यांचं उदाहरण खरं असेल, पण तो नियम मानू नये.

गावदेवी_नाका

काका, +१
आणि अनंत अंतरकरांचं 'नवल' मासिक विसरू नका. भुताखेतांपासून परग्रहापर्यंत सगळं एका अंकात. आमच्या घरी आजोबांनी बांधून ठेवलेले अंक होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर तेच.

जीएस_नेरूळ

टोपणनावावरून आठवलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक निघाले जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती.

पोलने नाव लपवलं ते कथा स्वतःच घेता यावी म्हणून, आणि नारळीकरांनी लपवलं ते नावाचा फायदा मिळू नये म्हणून. @निळी_शाई यांचा मुद्दा मला इथे पटतो. संपादकाला स्वतःचीच कथा तपासायची असेल तर निदान नाव झाकून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावी. ठाण्याच्या गटात हे सहज करता येईल.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. काका, 'इट हॅपन्ड टुमॉरो' आमच्या यादीत घेतलंय.

@अश्विनी_ऐरोली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. 'गॅलेक्सी' सुटली म्हणजे संपादन सुटलं असं झालं नाही. सत्तरच्या दशकात पोल 'बँटम' या प्रकाशनसंस्थेत विज्ञानकथांच्या पुस्तकांचा संपादक होता. सॅम्युएल डिलेनीची 'डाल्ग्रेन' आणि जोआना रसची 'द फीमेल मॅन', दोन्ही १९७५, दोन्ही त्याने आणल्या. 'डाल्ग्रेन' प्रचंड जाडजूड आणि अवघड, 'द फीमेल मॅन' त्या काळच्या पुरुषी विज्ञानकथेला थेट भिडणारी. छापू नका असं सांगणारे भरपूर असतील अशी पुस्तकं. म्हणजे 'मॅन प्लस' आणि 'गेटवे' लिहीत होता त्याच काळात हा माणूस स्वतःपेक्षा अगदी वेगळ्या लेखकांची हस्तलिखितं वाचत होता.

फरक मला दिसतो तो कामाच्या वेगात. मासिकाला दर महिन्याला खायला घालावं लागतं. पुस्तकाचा संपादक जरा श्वास घेतो.

आणि त्याची सवय! रोज चार पानं. घरी असो की प्रवासात, चार पानं झाल्याशिवाय दिवस संपला नाही. खुर्ची कुठलीही असो, चार पानं चालूच.

मुद्रक_नौपाडा

मी अक्षरजुळणी आणि छपाईच्या धंद्यातला माणूस, दिवाळी अंक माझ्या हाताखालून जातात. माझं मत थोडं वेगळ्या बाजूने.

आपल्याकडे अंक बांधताना हिशेब सोळा पानी फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा. जाहिराती शेवटच्या आठवड्यापर्यंत येत राहतात. कुणी मागचं पान मागतं, कुणी ऐन वेळी अर्ध्या पानावरून पूर्ण पानावर जातं, कुणी गळतं. मग एखादी कथा आठव्या पानावर दोन ओळी जाऊन संपते आणि खाली बाकीचं पान पांढरं राहतं. तिथे कविता, अवतरण, चौकट, काहीतरी टाकावं लागतं. नाहीतर कथेच्या दोन ओळी कापून ती सात पानांत बसवायची. कुठल्या दोन ओळी काढल्या तर कथेला धक्का लागत नाही हे ज्या संपादकाला कळतं तो चांगला संपादक, आणि ज्याला कळत नाही तो मला रात्री अकराला फोन करतो.

हे सांगण्याचं कारण, 'गेटवे' मी दोन वर्षांपूर्वी वाचली आणि पहिल्या वीस पानांत माझ्या लक्षात आलं की हे पान बांधणाऱ्या माणसाने लिहिलंय. मूळ गोष्टीच्या मध्ये मध्ये चौकटी आहेत. छोट्या जाहिराती, वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे तुकडे, मोहिमांचे कोरडे अहवाल, करारातली कलमं. त्यात कुणी जागा भाड्याने मागतोय, कुणी काहीतरी विकतोय. कथानायक काही बोलत नाही, पण त्या चौकटीतून कळतं की या जागी माणसं किती घाबरलेली आहेत आणि किती पैशाला टेकलेली आहेत. साधा कादंबरीकार हे चार पानांच्या वर्णनाने करेल.

अश्विनी_ऐरोली

@मुद्रक_नौपाडा, हा प्रतिसाद वाचून मी 'गेटवे' परत काढली. ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत चौकटी तेवढ्या वाचल्या. खरंच, त्या सलग वाचल्या तर वेगळीच गोष्ट तयार होते!

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हीची नावाची एक फार जुनी परग्रही जमात एका लघुग्रहावर शेकडो यानं सोडून गेली आहे. यानं चालतात, पण कुठे नेतील हे कुणालाच माहीत नाही. बसायचं, बटण दाबायचं. काही श्रीमंत होऊन येतात, काही मेलेले येतात, काही येतच नाहीत. नायक रॉबिनेट ब्रॉडहेड श्रीमंत होऊन परत आलाय आणि आता एका संगणकीय मानसोपचारतज्ज्ञासमोर बसलाय, त्याचं नाव सिगफ्रिड. एक प्रकरण उपचाराचं, एक प्रकरण आधीच्या आयुष्याचं, असं आलटून पालटून. तो श्रीमंत कसा झाला यापेक्षा तो त्याबद्दल बोलायला का तयार नाही, यात सगळी कादंबरी आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. १९७७ मध्ये लिहिलेलं ते सिगफ्रिडचं बोलणं, नायकाचा राग शांतपणे ऐकून घेणं, तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारणं, हे आज वाचताना फार जवळचं वाटतं. नायक त्याला फसवायला बघतो, शिव्या देतो, आणि तरी पुढच्या भेटीला जातो.

माझं मत बदलतंय असं समजा. पूर्ण नाही!

रद्दीतलं_सोनं

आता संपादक पोलबद्दल एक गोष्ट, जी मला त्याच्या कुठल्याही कथेइतकी मोलाची वाटते.

जून १९६८ चा 'गॅलेक्सी'. माझ्याकडे तो अंक आहे, फोर्टच्या फुटपाथवर मिळाला, मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. आत समोरासमोर दोन पानं. एका पानावर व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने टिकून राहायला हवं असं म्हणणाऱ्या विज्ञानकथाकारांची नावं, सह्यांची यादी. त्यात रॉबर्ट हाइनलाइन, पोल अँडरसन (हा वेगळा पोल), लॅरी निव्हन, जॅक व्हान्स, कॅम्पबेल. समोरच्या पानावर युद्धाला विरोध करणाऱ्यांची यादी. असिमॉव्ह, ब्रॅडबरी, फिलिप डिक, अर्सुला ले ग्विन, रॉबर्ट सिल्व्हरबर्ग.

दोन्ही पैसे देऊन छापलेल्या जाहिराती. त्याच दोन जाहिराती दुसऱ्या एका मासिकातही आल्या होत्या, पण अंकात एकमेकींपासून लांब. पोलने त्या समोरासमोर ठेवल्या. तो स्वतः युद्धाच्या विरोधातला. तरी दोन्ही पानांचा आकार सारखा. निव्हनला तर त्यानेच पहिल्यांदा छापलेलं, 'इफ'च्या डिसेंबर १९६४ च्या अंकात. आपण पुढे आणलेला लेखक समोरच्या यादीत आहे हे बघत ते पान त्याने लावलं असेल.

'इफ'मध्ये दर अंकात एका अगदी नव्या लेखकाची पहिली कथा घ्यायची हा त्याने पाळलेला नेम होता. निव्हन त्याच वाटेने आला. आणि त्याच मासिकात हाइनलाइनची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' क्रमशः आली, हार्लन एलिसनची 'आय हॅव नो माउथ अँड आय मस्ट स्क्रीम' आली. नवा मुलगा आणि दिग्गज एकाच अंकात. @निळी_शाई, स्वतःच्या कादंबऱ्या छापल्या असतील, पण हेही त्याच्याच खात्यात जमा धरा.

निळी_शाई

जमा धरलं. समोरासमोरच्या पानांची गोष्ट माहीत नव्हती, ती फार मोठी आहे. पण उधारीची बाजू खोडायला मी तयार नाही. :)

आणि कॅम्पबेलबद्दल एक. मे १९५० मध्ये 'अस्टाउंडिंग'ने रॉन हबर्डचं 'डायनेटिक्स' छापलं, म्हणजे मनावरच्या उपचारांची त्याने स्वतःच काढलेली, विज्ञानाचा आधार नसलेली पद्धत, कॅम्पबेल त्याचे प्रचारक झाले. विज्ञानाच्या नावाने निघालेल्या मासिकात! एकच माणूस तीस तीस वर्षं खुर्चीत बसला की त्याच्या नादाला आवर घालणारं कुणी उरत नाही. पोल आलटून पालटून खुर्ची सोडत राहिला, हे त्याच्या आणि वाचकांच्या दोघांच्याही भल्याचं झालं. खाडीकाठची, तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर समजा.

गावदेवी_नाका

अवांतर : 'द मिडास प्लेग' कुणी वाचली आहे का? यंत्रमानवांनी इतकं उत्पादन करून ठेवलंय की गरिबांवर वापरण्याची सक्ती. रोज इतके कपडे घालून झिजवायचे, इतकं जेवायचं, इतके खेळ खेळायचे. श्रीमंत माणसाला मात्र छोटं घर आणि साधं जेवण परवडतं. १९५४ ची कथा! घोडबंदर रोडच्या मॉलमधून रविवारी संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडणारी गर्दी बघितली की मला तीच आठवते. बायको म्हणते कथा वाचायचं निमित्त करून पिशव्या माझ्याकडे देऊ नकोस. :ड

रद्दीतलं_सोनं

:)) त्या कथेची मूळ कल्पना 'गॅलेक्सी'चे तेव्हाचे संपादक होरेस गोल्ड यांची. म्हणजे हा मनुष्य संपादकाकडून कल्पना घेऊन लिहिणारा लेखकही होता.

जाहिरातीच्या धंद्याबद्दल त्याने आणि कॉर्नब्लूथने मिळून लिहिलेली 'द स्पेस मर्चंट्स' (१९५३) वाचाच. जग जाहिरात कंपन्यांच्या ताब्यात आहे आणि नायक शुक्र ग्रह लोकांच्या गळी उतरवणारा कॉपीरायटर. स्वतः त्या धंद्यात बसल्याशिवाय ती भाषा येत नाही.

जीएस_नेरूळ

कॉर्नब्लूथचं आयुष्य चटका लावणारं. १९५८ मध्ये गेला, ३४ वर्षांचा. घरापुढचा बर्फ उपसून गाडी पकडायला धावला आणि स्टेशनवर हृदयविकाराचा झटका आला. त्याची अर्धवट राहिलेली पानं पोलने पुढे कितीतरी वर्षं पूर्ण केली. त्यातल्या 'द मीटिंग' या कथेला १९७३ मध्ये ह्यूगो मिळाला, दोघांच्या नावावर. मित्र जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

सावली_कळवा

इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असते, पण 'द मीटिंग'चं नाव आलं म्हणून लिहिते. मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. ही कथा अशाच एका शाळेतल्या पालकसभेची आहे. जवळजवळ सगळी कथा सभेतच घडते. पालक एकमेकांना चाचपडत विचारतात, तुमचा मुलगा हल्ली काय करतो, कुणी तक्रार करतं, कुणी घाईघाईने आशा दाखवतं. आमच्या सभा अगदी अशाच असतात. एक वडील मागे बसून फक्त ऐकत असतात, कारण त्यांना घरी जाऊन डॉक्टरांना एका शस्त्रक्रियेबद्दल हो किंवा नाही सांगायचं आहे. विज्ञानाचा भाग तेवढाच, फोनवरचा. ते काय उत्तर देतात हे कथा सांगत नाही.

मी ही कथा आमच्या सहकारी शिक्षिकांना वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर आम्ही त्या वडिलांच्या जागी काय केलं असतं यावर बराच वेळ बोलत होतो आणि एकमत झालं नाही. यंत्रमानव, यानं यांच्या पलीकडे विज्ञानकथा काय करू शकते हे कुणाला दाखवायचं असेल तर हीच द्यावी.

ट्रॉम्बे_वाशी

सावलीताई, तुम्ही लिहीत जा. कथा मिळवून वाचतो.

अश्विनी_ऐरोली

काका, सोबत 'द टनेल अंडर द वर्ल्ड'ही वाचा, १९५५ ची. एका माणसाला रोज सकाळी जाग येते तेव्हा तारीख १५ जूनच असते. पुढचं सांगत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आहे.

खाडीकाठची ताई, अंकात याच कथेचं भाषांतर का घेत नाही?

जीएस_नेरूळ

थांबा. गुटेनबर्गवर आहे याचा अर्थ अमेरिकेतला हक्क संपलेला आहे. आपल्याकडे कॉपीराइटची सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि पोल गेले २०१३ मध्ये. परदेशी कथेला नेमकं काय लागू होतं हे जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय छापील अंकात भाषांतर घेऊ नका. भाषांतर मी करून द्यायला तयार आहे, पण परवानगी आधी. मला स्वतःला एकदा एका अंकाने न विचारता, नाव न देता छापलं होतं, मानधन तर दूरच. मूळ लेखकाशी आपण तसं वागू नये.

खाडीकाठची

अगदी बरोबर, परवानगीशिवाय घेणार नाही. यंदा वेळ पुरणार नाही, त्यामुळे अंकात पोलवर लेख जाईल, कथा मराठीच असतील.

धाग्यातून माझ्या कामाचं बरंच हाती लागलं. 'इफ'सारखी एक जागा पहिल्यांदा छापून येणाऱ्या लेखकासाठी राखायची, हे गटात मंजूर झालंय. सध्या मी ज्या कथा परत पाठवते आहे त्यांना दोन ओळींचं छापील पत्र जात नाही, कुठल्या पानापर्यंत मी रमले आणि कुठे सुटले ते लिहून जातं. त्या पत्रांमुळे माझ्या स्वतःच्या अर्ध्या राहिलेल्या कथेत काय बिनसलंय ते मला दिसलं. यंत्रमानव पहिल्या पानावर शहाणा आहे, तिसऱ्या पानावर लेखिकेच्या सोयीने बावळट होतो. हेच मी दुसऱ्या एका लेखकाला लिहून पाठवलं होतं! म्हणून मी अजूनही म्हणते, खुर्ची लेखकाला मारत नाही. रोजची चार पानं बंद केली तर लेखक जातो, आणि ती बंद करायला संपादकच असावं लागतं असं नाही.

@निळी_शाई, माझी कथा पूर्ण झाली तरी या अंकात येणार नाही. तुमच्या नियमावर नाही, माझ्या मनानेच. पुढच्या वर्षी दुसरं कुणी संपादक असेल, तेव्हा नाव झाकून पाठवेन.

निळी_शाई

मग पुढच्या वर्षी संपादक मी होतो. :) कथा परत आली तर राग मानू नका.

मुद्रक_नौपाडा

पोलवरच्या लेखात 'गॅलेक्सी'च्या त्या दोन पानांबद्दल लिहिणार असाल तर ते डावी-उजवीकडे समोरासमोर येईल असं बांधू. त्यासाठी लेख सम क्रमांकाच्या पानावर सुरू व्हायला हवा, म्हणजे आधीची कथा विषम पानावर संपली पाहिजे. मजकूर गणपतीच्या आधी द्या, जाहिराती किती ते तेव्हाच सांगा. आणि रद्दीतलं_सोनं, तो फाटका अंक एक दिवस दुकानात आणा, पानांचे समास मोजून घेतो.

रद्दीतलं_सोनं

शनिवारी आणतो. हातात देणार नाही, समोर बसून बघायचा.